शनिवारचा पेपर

देवळाली कॅम्पातल्या बेथ-एल प्राथमिक शाळेला शनिवारी सुट्टी असे आणि रविवारी शाळा भरे. बाजारातली पोरं त्यावरून चिडवायची, "उलट्या घड्याळाची शाळा!" पण आईबापांची काही तक्रार नसे. कॅम्पातल्या शिपायांची, भगूरच्या भाजीवाल्यांची, दर्जी-धोब्यांची मुलं इथे शिकायची. ज्यांच्यासाठी शाळा निघाली त्या बेने इस्रायल ज्यूंची मुलं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली होती. बाकीची कुटुंबं मुंबईला नाहीतर थेट इस्रायलला गेली होती. तरी शुक्रवारी शेवटच्या तासाला समाजातले वयस्कर एझ्राकाका नवगावकर यायचे आणि फळ्यावर आलेफ-बेथ, म्हणजे हिब्रू मुळाक्षरं, काढायचे. तेव्हा भाजीवाल्यांची पोरंही सगळ्यांबरोबर मोठ्यानं म्हणायची. घरी जायच्या घाईत त्यांचाच आवाज जास्त निघे.

मुख्याध्यापिका मिल्काबाई झिराडकर याच शाळेत शिकल्या होत्या. तेव्हा एकेका वर्गात चाळीस मुलं होती, हे त्या कुणाला सांगत नसत. सांगितलं की ऐकणारा हळहळायचा, आणि हळहळ त्यांना सोसत नसे.

दोन हजार चार सालच्या जानेवारीत त्या अडचणीत आल्या. चौथीच्या मुलांसाठी जिल्ह्यातल्या एका निवासी शाळेची प्रवेश परीक्षा असायची. पास झालं की पाचवीपासून राहणं, जेवण, शिक्षण सगळं तिथेच. दरवर्षी ती रविवारी व्हायची. यंदा शनिवार निघाला. आणि यंदाच बेथ-एलकडे अबिगेल दिवेकर होती.

अबिगेलसारखी मुलगी शाळेत बऱ्याच वर्षांत आली नव्हती. तिला गणित सांगितलं की ती आधी पेन्सिल खाली ठेवायची, खिडकीबाहेर बघायची, मग एका दमात उत्तर लिहायची. वडील मनमाडला रेल्वेत, आठवड्याला एकदा येणारे. आई रिबेका लष्करी गणवेश शिवणाऱ्या दुकानात मशीन चालवायची. या मुलीनं त्या शाळेत जावं, एवढा एकच ध्यास रिबेकानं धरला होता.

"शनिवार आपला शब्बाथ, विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी लेखणी धरायची नाही," एझ्राकाकांनी सांगून टाकलं. "आपल्या वाडवडिलांनी शनिवारी घाणा थांबवला म्हणून तर लोक आपल्याला शनवार तेली म्हणाले. त्यांनी धंदा बुडवला, पण दिवस मोडला नाही."

"काका, त्यांचा घाणा रविवारी पुन्हा सुरू व्हायचा," रिबेका म्हणाली. "माझ्या मुलीची परीक्षा रविवारी पुन्हा होणार आहे का? मी लिहायला लावणार. पाप लागलं तर मला लागू दे."

दोघंही मिल्काबाईंकडे बघायला लागले. बाईंना एक जुनी गोष्ट आठवली. पूर्वी मॅट्रिकला आपल्या मुलांना सूर्यास्तानंतर पेपर देऊ देत असत. तोपर्यंत त्यांना दिवसभर खोलीत कोंडून ठेवत. त्या नाशिकच्या कार्यालयात गेल्या. महिनाभर खेटे घातले, या टेबलावरून त्या टेबलावर. एक जण हसला, एकानं "ज्यू म्हणजे ख्रिश्चनच ना?" असं विचारलं. शेवटी परवानगी मिळाली, पण अटींवर. बाकीच्या मुलांची घंटा व्हायच्या आत मुलीनं केंद्रावर हजर व्हायचं, वेगळ्या खोलीत राहायचं आणि पेपर पाहिलेल्या कुणाशी बोलायचं नाही. केंद्रावरची एक शिक्षिका सतत सोबत असेल. जरा जरी शंका आली तर पेपर रद्द.

केंद्र भगूरला होतं. शनिवारी वाहनात बसायचं नाही, म्हणून तिघी उजाडताच चालत निघाल्या. जेवणाचा डबा, पेन्सिली, मेणबत्ती असलं सगळं बाईंनी शुक्रवारीच तिथे पोचवून ठेवलं होतं. रस्ताभर रिबेका मुलीला पाढे विचारत होती. अबिगेल उत्तरं देत होती, पण तिचा हात मिल्काबाईंच्या हातात होता आणि तो गार पडला होता.

केंद्राच्या फाटकाशी पालकांची गर्दी होती. ही मुलगी संध्याकाळी पेपर देणार, ही बातमी तिथे आधीच पोचली होती.

"हा काय न्याय झाला?" एक उंच, मिशीवाले गृहस्थ पुढे आले. "आमच्या पोरांनी आत्ता लिहायचं, आणि हिनं दिवसभर चौकशी करून रात्री लिहायचं?"

"लेखी परवानगी आहे," केंद्रप्रमुख गायधनी सर म्हणाले. तेही काही खूश दिसत नव्हते.

"असेल. आम्ही पण इथेच बसतो मग. बघतो कोण आत जातं, कोण बाहेर येतं." आणि ते चारपाच जण खरोखरच लिंबाखाली चादर पसरून बसले.

अबिगेलला मागच्या बाजूच्या एका छोट्या खोलीत नेलं. सोबतीला ललिता नावाची तरुण शिक्षिका होती. रिबेका आणि मिल्काबाईंना ऑफिसच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. तिथून त्या खोलीचं दार दिसत होतं, पण जायला मनाई होती.

घंटा झाली. पेपर सुरू झाला, संपला. पोरं आरडाओरडा करत सुटली आणि मैदानभर पांगली. मिल्काबाई त्या दाराकडे टक लावून बसल्या होत्या. मधेच ललिता बाहेर आली, तांब्या घेऊन नळाकडे गेली आणि लगबगीनं परत आली. बस्स. मग दुपार लांबत गेली. रिबेकानं डब्याला हात लावला नाही. लिंबाखालची माणसं आळीपाळीनं चहाला जात होती, पण चादर रिकामी ठेवत नव्हती.

"बाई, हे एकदा पार पडलं ना," रिबेका हळूच म्हणाली, "तर मी एझ्राकाकांच्या पाया पडेन. वाटेल तेवढं बोलले मला, तरी."

मिल्काबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

सूर्य बुडाला. आकाशात तीन तारे दिसले तेव्हा गायधनी सरांनी मिल्काबाईंना आत सोडलं. शब्बाथ संपल्याची छोटीशी प्रार्थना करायची आणि लगेच पेपर, असं ठरलं होतं. खोलीत पिवळा बल्ब होता. अबिगेल बाकावर ताठ बसली होती. बाईंनी मेणबत्ती लावली, प्रार्थना म्हटली, लवंगांची पुडी तिच्या नाकापुढे धरली. तिनं वास घेतला आणि मान वर केली.

"बाई, मी एक उत्तर ऐकलंय."

मिल्काबाईंच्या हातातली पुडी तशीच राहिली.

"ललिताबाई पाणी आणायला गेल्या होत्या ना, तेव्हा खिडकीखाली मुलं ओरडत होती. दोरीचं गणित आहे. तुकडे करायला दोरी किती वेळा कापायची, असं. आठ वेळा, असं ती म्हणत होती. मी कान बंद केले, पण आधीच ऐकू आलं होतं."

ललिता भिंतीपाशी उभी होती. तिचा चेहरा पार उतरला. "बाई, दोन मिनिटं गेले हो मी. पाणी मागत होती ती, घसा कोरडा पडला होता तिचा." मग ती जवळ आली आणि आवाज अगदी खाली आणला. "एवढ्या पेपरातलं एक गणित. कुणाला कळणार आहे? लेकरू बोललंच नाही असं समजा. माझी नोकरी अजून कायम झालेली नाही."

बाहेरून लिंबाखालच्या माणसांचा खोकला ऐकू आला. मिल्काबाईंच्या मनात सगळं एकदम गर्दी करून आलं. महिनाभराचे खेटे. बाकावर उपाशी बसलेली रिबेका. 'जरा जरी शंका आली तर' ही ओळ. आत्ता सांगितलं तर हा पेपर जाईल आणि पुढच्या कुठल्याही मुलाला अशी सवलत मिळणार नाही. गप्प बसलं तर काहीच होणार नाही. अगदी काहीच नाही.

"सांगायचं का सरांना?" अबिगेलनं विचारलं.

बाईंना वाटलं, हिनं हे विचारायला नको होतं. हिनं नुसतं बघितलं असतं तर मला दुसरीकडे तोंड फिरवता आलं असतं.

"तुला काय वाटतं?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "आई रागावेल."

तेवढ्यानं बाईंचं ठरलं. दहा वर्षांच्या पोरीवर हे ओझं टाकायचं नाही. महिनाभर आपण दारोदार हेच म्हणत फिरलो की आमच्यावर विश्वास ठेवा, आमची मुलगी दिवसभर बसेल आणि लबाडी करणार नाही. आता त्यांनी विश्वास ठेवलाय.

"तू इथेच बस. मी सांगते," त्या म्हणाल्या. ललितानं तोंडावर पदर धरला.

गायधनी सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग ऑफिसचं दार लोटलं आणि चिडूनच म्हणाले, "मला हे कशाला सांगितलंत? आता मला शेरा लिहावा लागेल. बाहेर ती माणसं बसलीत. त्यांना कळलं तर सकाळी वर्तमानपत्रात येईल, माझ्या केंद्रावर पेपर फुटला म्हणून."

"माहीत आहे, सर."

"माहीत आहे काय! त्या ललिताला मेमो द्यावा लागेल. तिचं सासर लांब पेठ तालुक्यात, रोज दोन गाड्या बदलून येते बिचारी."

सरांनी सीलबंद पाकीट फोडलं, पेपर काढला, बोट एकेका प्रश्नावरून खाली सरकवत गेले. दोरीच्या गणितावर थांबले. वाचलं, पुन्हा वाचलं, मनाशी काहीतरी पुटपुटले. मग चष्म्यावरून बाईंकडे बघितलं.

"आठ नाही. सात. आठ तुकडे करायला सात वेळाच कापावं लागतं. शेवटचा तुकडा आपोआप उरतो." क्षणभर ते हसतील असं वाटलं. "पोरं सगळी चुकलीत. हिनं ऐकलं तेही चूकच."

"मग?"

"मग काही नाही. तिला प्रश्न आधी कळला, तो कळलाच." त्यांनी लाल पेन घेतलं, त्या गणितावर आडवी रेघ मारली, बाजूला शेरा लिहिला आणि खाली सही केली. मिल्काबाईंची सही घेतली, ललिताला बोलावून तिचीही घेतली. "हे गणित तिनं सोडवायचं नाही. बाकीचं लिहू दे. वरच्यांनी सगळाच पेपर रद्द केला, तर माझा इलाज नाही."

पेपर सुरू झाला आणि थोड्याच वेळात वीज गेली. रोजचं भारनियमन. सरांनी कंदील पाठवला. मिल्काबाई अंधारात व्हरांड्यात परतल्या.

"इतका उशीर का झाला?" रिबेकानं विचारलं.

बाईंनी सांगितलं. आठ आणि सातचंही सांगितलं. अंधारात रिबेकाचा चेहरा दिसत नव्हता.

"म्हणजे ऐकलेलं चूकच होतं," ती म्हणाली.

"हो."

"मग माझ्या मुलीनं ते बरोबर सोडवलं असतं. ती दुसऱ्याचं ऐकून लिहिणारी नाही, बाई. तुम्हाला माहीत आहे ते. पेन्सिल खाली ठेवली असती, खिडकीबाहेर बघितलं असतं आणि सात लिहिलं असतं." "तुमच्यापाशी तिनं मन मोकळं केलं आणि तुम्ही ते सरकारजमा केलंत."

फाटकाशी ती माणसं आता चादर घडी करत होती. मिशीवाल्यांनी जाता जाता विचारलं, "झालं का पोरीचं?" आवाजात सकाळची धार राहिली नव्हती, थकला होता माणूस.

पेपर रद्द झाला नाही. पण एप्रिलमध्ये यादी लागली तेव्हा तिच्यात अबिगेलचं नाव नव्हतं. गुण कुणाला दाखवत नसत, त्यामुळे एका गणितानं गेलं की पाचांनी, हे कधीच कळलं नाही. रिबेकाच्या मनात मात्र शंका नव्हती. शब्बाथच्या प्रार्थनेला ती मिल्काबाईंपासून लांबच्या बाकावर बसू लागली. एझ्राकाका पहिल्यांदाच बाईंच्या घरी आले, खुर्चीत बसले, चहा प्यायले आणि परीक्षेचा विषय न काढता गेले. ललिताला मेमो मिळाला. तिची नोकरी राहिली, पण कायम व्हायला तिला आणखी वर्ष लागलं. बाई तिला भेटायला गेल्या तेव्हा ती नीट बोलली, पण बसा म्हणाली नाही.

अबिगेल कॅम्पातल्याच हायस्कूलमध्ये गेली. रस्त्यात भेटली की ती पूर्वीसारखीच बाईंचा हात धरायची, आणि आई बरोबर असली की धरायची नाही.

पुढच्या वर्षी परीक्षा पुन्हा शनिवारी आली. आता कोणत्या तोंडानं कार्यालयात जायचं, या विचारात बाई असतानाच गायधनी सरांचा निरोप आला: तुमची शनिवारची मुलं असतील तर लवकर कळवा, परवानगीचं मी बघतो. त्या वर्षी दोन मुलं होती, एक मुलगा आणि एक मुलगी.

पहाटे बाई त्या दोघांना घेऊन निघाल्या, तर रस्त्याच्या कडेला शाल पांघरून रिबेका उभी होती. ती बरोबर चालू लागली. भगूरला पोचल्यावर ती व्हरांड्यात बसली नाही. सरळ इमारतीच्या मागे गेली आणि त्या छोट्या खोलीच्या खिडकीखाली जाऊन उभी राहिली.

पेपर सुटला. पोरं गलका करत तिकडे धावली.

"ए! इकडे नाही!" रिबेका दोन्ही हात पसरून ओरडली. "पलीकडे जा बोलायचं ते! पलीकडे!"

पोरं घाबरून मागे फिरली. मिल्काबाई भाकरी-भाजीचा डबा घेऊन इमारतीच्या मागे गेल्या आणि तो उघडून त्यांनी रिबेकापुढे धरला.

"ठेवा तिथे," ती खिडकीवरची नजर न हलवता म्हणाली. "तारे दिसेपर्यंत मी इथून हलणार नाही."

बाईंनी डबा पायरीवर ठेवला. मग पदर खोचला आणि खिडकीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.