चौदाव्या पानावरचा शिक्का

मी एक जुना पासपोर्ट आहे. पुठ्ठ्याचे कोपरे झिजलेले, आणि लोणावळ्याच्या दमट हवेनं पानं एकमेकांना चिकटलेली. मित्रांनो, माझी उमेदीची वर्षं दोनच. पुढची सोळा मी पत्र्याच्या ट्रंकेत, कुलपाआड काढली.

माझे धनी कोंडाजी मूळचे आंबी गावचे. लोणावळ्यात एका शेठजींच्या बंगल्यावर ते स्वयंपाकी होते. १९५६ साली शेठजी सहा महिन्यांसाठी अमेरिकेला निघाले आणि कोंडाजींच्या हातची चव सुटेना म्हणून त्यांनाही घेऊन गेले. तेव्हा माझा जन्म झाला. बोटीवर कोंडाजी मला रोज खिशातून काढून बघत. केवढा मान होता माझा!

मुदत संपली. शेठजी परतले, कोंडाजी मागं राहिले. एका हॉटेलात भांडी घासू लागले. काम करायचा परवाना नव्हता. वर्षभरानं तिथल्या सरकारी माणसांनी त्यांना भटारखान्यातूनच उचललं. अकरा दिवस कोठडी, मग परतीची बोट. माझ्या चौदाव्या पानावर हद्दपारीचा शिक्का बसला.

घरी त्यांनी सांगितलं, काम संपलं म्हणून आलो. बायकोला, झुंबरबाईंनाही तेच. आणि मला ट्रंकेच्या तळाशी दडपलं.

१९७४ साली मात्र माझी आठवण निघाली. त्यांची लेक रतन नर्स होऊन अमेरिकेत गेली होती, नुकतीच बाळंत झाली होती. आईवडिलांनी नातू बघायला यावं, असा तिचा हट्ट. व्हिसाच्या अर्जात एक प्रश्न होता : तुम्हाला पूर्वी अटक किंवा हद्दपारी झाली आहे का?

कोंडाजींना घास गोड लागेना. 'हो' लिहावं, तर नातू दुरावणार आणि बायकोला सगळं कळणार. 'नाही' लिहावं, तर खोटं उघडं पडून लेकीच्या डोळ्यांदेखत बेड्या पडायच्या. स्टेशनाजवळ अर्ज लिहून देणाऱ्या सीतारामांनी सल्ला दिला, जुना पासपोर्ट जाळा आणि हरवला म्हणून लिहा.

दुसऱ्या सकाळी कोंडाजी मला घेऊन चुलीपुढं बसले. माझ्या कडांना धग लागत होती. त्यांचा हात पुढंही जाईना, मागंही येईना. तेवढ्यात झुंबरबाई पाणी घेऊन आल्या आणि त्यांनी विचारलं, हे काय जाळताय? मग कोंडाजींनी खाली मान घालून सारं सांगितलं.

झुंबरबाईंनी पाणी खाली ठेवलं आणि त्या त्यांच्याशेजारी चुलीपुढं बसल्या.

"आकरा दिवस कोंडलं व्हतं तुमास्नी," त्या म्हणाल्या, "आन सोळा वर्सं तुमी एकटंच त्ये घेऊन बसला?" मग मला त्यांच्या हातातून काढून घेत म्हणाल्या, "खरं लिवा. लेकीच्या घरी चोरावानी न्हाई जायाचं."

मुंबईला वकिलातीत साहेबानं माझं चौदावं पान उघडलं, दुभाष्याकरवी विचारलं. कोंडाजींनी काही लपवलं नाही. महिन्याभरानं उत्तर आलं. झुंबरबाईंना परवानगी, कोंडाजींना नकार. तीन वर्षांनी पुन्हा अर्ज करता येईल, खोटं लिहिलं असतं तर तेही दार बंद झालं असतं.

एकटी जाणार नाही, असं झुंबरबाई म्हणत राहिल्या. कोंडाजींनीच त्यांचं गाठोडं बांधलं.

मित्रांनो, आमच्यासारखे जुने कागद कोरड्या जागी जपा. शिक्का नकोसा असला तरी जाळू नका. आणि त्यातलं निदान घरच्या माणसाला तरी वाचून दाखवा.

विमानतळावर कोंडाजी बायकोला एवढंच म्हणाले, "नातवाला माझं नाव सांग. आन मी का आलो न्हाई, त्येबी सांग."