आबासाहेबांचा काटा

दिपालीने झेंडूच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि ओलाच बाहेर काढला.

"फुलांवर पाणी मारलंय?"

"मग! उन्हानं सुकायची न्हाईत का?" आबासाहेबांनी उत्तर दिलं, पण राजसकडे बघून. राजस हेलिकॉप्टरचा तंत्रज्ञ. सकाळी उतरल्यापासून गावाने त्यालाच पायलट ठरवलं होतं, सत्काराचा फेटाही त्याच्याचसाठी ताटात ठेवला होता. दिपालीकडे बोट करून 'पायलट या आहेत' असं सांगून बिचारा दमला. शेवटी आबासाहेबांनी दिपालीच्या देखतच पुण्याला कंपनीच्या मालकाला फोन लावला.

"कळस चढवायचा हाय आमाला. बाप्या मानूस न्हाई का एखादा?"

मालकाने कसंबसं समजावलं. पण त्याने दिपालीला घेतलं होतं तेच तीन महिन्यांच्या बोलीवर. गिऱ्हाईक कुरकुरलं तर उडणं बंद, ऑफिसात बसायचं. हा शेवटचा आठवडा होता. भिंगारच्या या पोरीला आभाळाची धास्ती कधीच नव्हती. धास्ती होती ती जमिनीवरच्या माणसांची.

भैरवनाथाच्या देवळावर कळस चढायला आणि त्यावर हेलिकॉप्टरमधून फुलं उधळायला अर्धा तास उरला होता.

"वजनकाटा लागेल," ती म्हणाली.

"कशाला? वर बसनार मी, पंच्याहत्तर किलो, आन फुलं साठ. फोनवर सांगितलंय की."

"ती कोरडी फुलं. काटा आणा, आबासाहेब."

आबासाहेब कांद्याचे आडतदार. गावात मोठा काटा एकच, त्यांच्याच आडतीवरचा. तो टेम्पोतून आला. ओली फुलं नव्वद किलो भरली. मग दिपालीने नुसता हात काट्याकडे केला. सारं गाव गोल करून उभं राहिलं. आबासाहेब धोतर सावरत वर चढले.

आकडा अठ्ठ्याण्णववर थांबला.

"ह्यो काटा..." आबासाहेब बोलून गेले आणि तिथेच थबकले. समोर गोरक्षनाथ होता, बजरंग होता. जन्मभर याच काट्यावर कांदा घातलेली माणसं माना उंचावून बघत होती.

"काट्याचं काय, आबा?" बजरंगने फार गोडीत विचारलं.

"काटा बरोबर हाय," आबासाहेब म्हणाले.

"मग एकतर तुम्ही, नाहीतर फुलं," दिपाली म्हणाली. "एवढ्या उन्हात हवा विरळ असते, हेलिकॉप्टर दोन्ही उचलायचं नाही."

नोकरी गेलीच तर या वाक्याने जाणार, हे तिला ठाऊक होतं. पण वाक्य खरं होतं, आणि ते बोलताना तिचा आवाज जराही हलला नाही.

"आन मी न्हाई तर वरून फुलं टाकायची कुनी?" आबासाहेबांनी विचारलं.

पहाटेपासून झेंडू निवडत बसलेल्या कडूबाई, आबासाहेबांच्या आई, पदर खोचत उठल्या आणि कुणाला न विचारता काट्यावर चढल्या. एकेचाळीस.

"आई, बायांनी कळसाच्या वर..."

"तुला नऊ म्हैने वागवला, तवा कुनी काटा आनला हुता का? चल गं पोरी."

हेलिकॉप्टर अलगद उचललं गेलं. देवळावर दोन फेऱ्या झाल्या. कळस पिवळा झाला, देऊळ पिवळं झालं, खाली हात जोडून उभे असलेले आबासाहेबही पिवळे झाले.

दिपाली उतरते तोच आबासाहेबांचा फोन वाजला. कानाला कमी ऐकू येत असल्याने त्यांचा फोन कायम स्पीकरवर असे.

"माफ करा साहेब," पुण्याहून मालक म्हणत होता. "पुढच्या वेळी पुरुष पायलट देतो."

दिपालीचा हेल्मेटच्या पट्ट्यावरचा हात थांबला. शेजारी कडूबाई बायांना शेतं वरून कशी दिसतात ते हात पसरून सांगत होत्या. आबासाहेब आईकडे बघत राहिले.

"मी वजन खोटं सांगितलं हुतं तुमाला," ते फोनमध्ये म्हणाले. "ह्या बाईंनी तोलून बघितलं. तुमच्या त्या पुरुषानं बघितलं असतं का?"

आबासाहेबांनी फोन खिशात टाकला, सत्काराच्या ताटातला फेटा उचलला आणि राजसला ओलांडून पुढे गेले.

"हेल्मेट काढा, ताई," ते म्हणाले.