खिळ्यावरचा चिमटा

टुणकन काहीतरी जमिनीवर पडलं. माझी लेक मीला झोपेत हलली, पण उठली नाही. माझ्या शालीच्या ओझ्यानं भिंतीतला खिळा निसटला होता. शाल खाली, खिळा खाली. चिमटा मात्र कुठंच नव्हता.

शालीखाली त्याच खिळ्यावर माझ्या नवऱ्याचा, फीमाचा रबरी चिमटा अडकवलेला असायचा. व्हायोलिनच्या तारांखालच्या घोडीवर तो बसवला की सूर कुजबुजल्यासारखे होतात. चार बिऱ्हाडांच्या आमच्या घरात त्याच्याशिवाय रियाज म्हणजे भांडणाला आमंत्रण. पण आता गेला होता तशा परदेशच्या दौऱ्यावर फीमा तो कधीच न्यायचा नाही. "परदेशात तरी पोटभर मोठ्यानं वाजवू दे," म्हणायचा.

पलंगाखाली पाहिलं. त्याच्या कोटांचे खिसे उलटे केले. हा चिमटा लागतो कुठं, तर जिथं राहायचं असतं तिथं, भिंतीपलीकडे शेजारी असतात तिथं. गेल्या वर्षी त्याचे गुरू असेच व्हिएन्नाला वाजवायला गेले, ते परत आलेच नाहीत. बायको इथं लेनिनग्राडमध्ये अडकली. तिची नोकरी गेली, आणि आता रस्त्यात तिला कुणी ओळख दाखवत नाही.

भिंतीवर थापा पडल्या.

"रिम्मा, तुझा नवरा लागलाय रेडिओवर. ये लवकर, नाहीतर म्हणशील, क्लावदिया पेत्रोवनानं सांगितलंच नाही."

मीलाला तशीच कडेवर घेऊन मी सगळ्यांच्या सामाईक स्वयंपाकघरात गेले. क्लावदिया पेत्रोवना बीट किसत होती.

"इथं मांजराचं तोंड दाबल्यासारखा वाजवतो," ती म्हणाली, "आणि तिकडं ऐक."

"तुम्हीच तर रोज भिंत ठोकता."

"मग? मला झोप नको?"

फीमा एकटाच वाजवत होता, साथीला कुणी नाही. एकाच गजातून जणू दोन माणसं बोलत होती. एक विनवत होतं, दुसरं दार लावून घेत होतं. किसणी थांबली. "रडवतो मेला," क्लावदिया पेत्रोवना पुटपुटली आणि तिनं मनगटानं डोळे पुसले. गालावर बीटाचा लाल ओघळ उमटला.

टाळ्या थांबेनात. मग पुन्हा शांतता, आणि तिच्यातून एक बारीक, दबलेला सूर. मीलाला झोपवताना तो वाजवतो ती चाल. चिमटा लावून.

तो आम्हाला हाक मारत होता, की शेवटचं थोपटत होता?

"रेडिओ बिघडला वाटतं," म्हणत क्लावदिया पेत्रोवनानं बटणाकडे हात नेला.

"राहू द्या," मी म्हणाले.

मीलानं खांद्यावरची मान उचलली. चिमट्याचा नेम तिला पाठ आहे: कुणी झोपलं असेल तरच बाबा तो लावतो. शेवटचा सूर विरेपर्यंत तिनं ऐकलं, मग माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"आई, बाबाच्या तिथं कोण झोपलंय?"