हिरोशिमाच्या बाळांचा ताणकाटा

मित्रांनो, आकड्याला ओझं टांगलं की ज्याची सुई थरथरत खाली उतरते, असा मी एक जुना ताणकाटा आहे. पितळेची तबकडी, तिच्यावर कोरलेले अंक, पोटात एक स्प्रिंग आणि खाली आकडा, एवढाच माझा देह. ओसाकाच्या एका कारखान्यात मी घडलो आणि माझी उमेदीची वर्षं मासळीबाजारात गेली. ओल्या टोपल्या तोलता तोलताच गंजून जाऊ, असं मला वाटत होतं.

मग युद्ध आलं. हिरोशिमावर एका सकाळी एकच बॉम्ब पडला आणि शहर जळून गेलं. मी तेव्हा तिथे नव्हतो. कियोनो नावाच्या सुईणबाई तिथल्या. बाळं तोलायचा त्यांचा काटा त्या आगीत वितळला, म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी मला विकत घेतलं. राखेनं घासलं, उकळत्या पाण्यानं धुतलं, आणि एका फडक्याच्या झोळीत बाळ घालून झोळी माझ्या आकड्याला अडकवली. मासळी टांगली की निपचित असते. हे ओझं हललं. त्यानं पाय झाडले, आणि माझी सुई कितीतरी वेळ जागेवर ठरेना. तेवढं नवल मला जन्मात वाटलं नव्हतं.

त्या काळी शहरात एक प्रश्न सगळ्यांच्या मनात होता आणि कुणाच्याच तोंडी नव्हता. त्या बॉम्बमधून डोळ्यांना न दिसणारे किरण निघाले होते. ते ज्यांच्या अंगातून गेले त्यातले पुष्कळ लोक आजारी पडून मेले. जे वाचले त्यांची आता लग्नं होत होती, घरोघर पाळणे हलत होते. त्या किरणांनी आईबापांच्या बीजातच काही मोडलं असेल का? ते मोडकं मुलांच्या वाट्याला येईल का? फळांवरच्या चिलटांवर किरण सोडले तर त्यांच्या पिल्लांत व्यंगं दिसतात, हे शास्त्रज्ञांना आधीच माहीत होतं. माणसाचं मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

म्हणून परदेशी आणि जपानी डॉक्टरांनी मिळून एक मोठं काम हाती घेतलं. शहरात जन्मणारं जवळपास प्रत्येक बाळ तपासायचं. गरोदर बाईला पाचव्या महिन्यापासून जादा तांदूळ मिळे. त्या तांदळाच्या रांगेतच तिला विचारायचं, "त्या सकाळी तुम्ही कुठे होतात?" पुढे बाळ झालं की सुईणबाई कळवत, आणि जीपगाडीतून डॉक्टर घरी येत.

पण या योजनेत एक मोठी चूक होती. आमच्याकडे पाचव्या महिन्यात, पंचांगातल्या कुत्र्याच्या दिवशी, गरोदर बाईच्या पोटाला पट्टा बांधतात. कुत्रीचं बाळंतपण सोपं असतं, तसंच सुनेचं व्हावं म्हणून. हा पट्टा बांधायला सासू सुनेला देवळात नेते. दोघी घराबाहेर पडलेल्याच असत, म्हणून देवळातून तशाच तांदळाच्या रांगेत येत. कियोनोबाईच सगळ्यांना तसं सांगत, की जडावलेल्या बाईला दोन फेऱ्या नकोत. त्यामुळे तो प्रश्न प्रत्येक सुनेला सासूच्या देखत विचारला जाई. आणि बॉम्बच्या किरणांत सापडलेली मुलगी तर कुणालाच सून म्हणून नको होती.

सुमिए अशीच एक. तिची सासू मासानो कुराहाशी बेटावरची, कालवांचा धंदा करणारी. युद्धानंतर ती मुलाला घेऊन शहरात आली होती. रांगेत सुमिएनं सांगितलं, "मी दूर मियोशीला होते, डोंगरात मामाकडे." त्यानंतर महिन्याभरात शेजारच्या घरी, बॉम्बमधून वाचलेल्या सुनेचं बाळ मेलेलंच जन्मलं. तेही कियोनोबाईंनी माझ्यावर तोललं. त्या वेळी माझी सुई लगेच ठरली, आणि ते मी अजून विसरलेलो नाही. दारात उभी राहून मासानो म्हणाली, "चौकशी न करता सून आणली की असं होतं. मी असते तर त्याच दिवशी माहेरी धाडली असती." सुमिए मागे बादली घेऊन उभी होती.

हिवाळ्याच्या शेवटी सुमिएला मुलगी झाली. कियोनोबाईंनी मला पिशवीतून काढलं तशी मासानो हसली.

"सुईणबाई, हा तर मासळीचा काटा. माझा जन्म गेला यात. मी लांबून ओळखते."

"होय तर. पण घाबरू नका, तुमची नात कालवांच्या भावानं नाही विकणार."

दुपारी डॉक्टरीणबाई आल्या. कझुए निशिओ त्यांचं नाव, वयानं तरुण, हात बर्फासारखे गार. आधी त्यांनी शेगडीवर हात शेकले. मग बाळाची बोटं पाहिली, टाळू पाहिली, पाठीचा कणा चाचपला, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग सुमिएकडे वळून त्यांनी तोच प्रश्न विचारला.

"मियोशीला," मासानो म्हणाली. "रांगेत सांगितलंय की."

"आजी, मी त्यांना विचारतेय."

"विचारून करता काय तुम्ही? नुसतं तपासता. औषधाचा एक थेंब देत नाही. सगळं शहर बोलतं हे."

डॉक्टरीणबाईंनी नळी गळ्यात अडकवली. "खरं आहे तुमचं. मलाही ते टोचतं," त्या म्हणाल्या. "पण एक सांगते. ज्यांच्या बाळाला काही झालं, त्या बाया रडत रडत खरं सांगतात. ज्यांचं बाळ ठणठणीत, त्या गप्प बसतात. मग आमच्या हाती नुसती दुखणी उरतात आणि लोक म्हणतात, बघा, त्या सकाळी तिथे असलेल्यांची मुलं अशीच होणार. एका बाळावरून काही कळत नाही, आजी. हजारो लागतात. आणि त्यात धडधाकट बाळांची साक्ष आजाऱ्यांइतकीच लागते."

मी खुंटीवर टांगलेला होतो. मला तोवर वाटे, मी फक्त वजन सांगतो. गल्लीगल्लीतून तोललेल्या त्या सगळ्या चिमुकल्या ओझ्यांचा मिळून एक प्रश्न बनतो, आणि त्याचं उत्तर साऱ्या जगाला हवं आहे, हे त्या दुपारी मला कळलं. माझी स्प्रिंग आतल्या आत शहारली.

सुमिए उशीवरून छताकडे बघत होती.

"मी मियोशीला नव्हते," ती म्हणाली. "इथेच होते. नदीकाठच्या शिवणाच्या कारखान्यात. भिंत अंगावर पडली, तिच्याआड झाकली गेले म्हणून वाचले."

"म्हणून माझ्याबरोबर बायकांच्या सार्वजनिक न्हाणीघरात येत नव्हतीस," मासानो म्हणाली.

"हो, आई. पाठीवर डाग आहेत."

मासानो उठली. तिनं बाळ उचललं. सुमिएनं डोळे मिटून घेतले, कारण आता बाळ या घरात राहणार आणि आपण जाणार, असं तिला वाटलं. म्हातारीनं दुपटं सोडलं, डॉक्टरीणबाईंनी पाहिलेलं सगळं स्वतःच्या खरबरीत बोटांनी पुन्हा पाहिलं आणि म्हणाली, "सुईणबाई, परत तोला."

"तोललंय की मघाशी."

"झोळीचं वजन अंदाजानं वजा केलंत. मी बघत होते. कालवं तोलताना आम्ही आधी रिकामी टोपली तोलतो." तिनं डोक्याचं फडकं सोडून माझ्या आकड्याला लावलं. माझी सुई जेमतेम हलली. मग त्याच फडक्यात नात घातली. मित्रांनो, त्या क्षणी मी जीव मुठीत धरून तोललं. मुलीनं पाय झाडले, सुई नाचली, मग हळूहळू ठरली.

"तीन किलोला थोडं कमी," कियोनोबाई म्हणाल्या.

"काही कमी नाही," मासानो म्हणाली. तिनं बाळ सुमिएच्या कुशीत ठेवलं आणि पांघरूण तिच्या खांद्यापर्यंत ओढलं. "सातव्या दिवशी नाव ठेवायचंय. तोवर उठायचं नाही. आणि डॉक्टरीणबाई, ते मियोशी खोडा."

काही महिन्यांनी एका कुत्र्याच्या दिवशी मी कियोनोबाईंच्या पिशवीत, तांदळाच्या रांगेपाशी होतो. मासानो नातीला पाठीला बांधून तिथे आली होती. तिचं तिथे काही काम नव्हतं. ती रांगेतल्या सासवांना एकेक करून बाजूला ओढत होती. "तुम्ही इकडे या, माझ्याशी बोला. सुनेला एकटीला उत्तर देऊ द्या. माझी सून त्या सकाळी इथेच होती. ही तिची लेक. बघा, हात लावून बघा." काहीजणी तोंड फिरवून गेल्या. काहीजणींनी मुलीला हात लावला.

हे काम वर्षानुवर्षं चाललं. त्या हजारो बाळांत, किरणांत सापडलेल्या आईबापांची बाळं इतरांहून वेगळी आहेत, असं डॉक्टरांना ठामपणे दाखवता आलं नाही. काहीच झालं नाही, असं ते म्हणाले नाहीत. आम्हाला दिसलं नाही, एवढंच म्हणाले. अजूनही ते शोधत आहेत. इतक्या मोठ्या प्रश्नापुढे इतकं जपून बोलणारी माणसं पाहिली की माझी मान आपोआप झुकते.

आता बाळंतपणं दवाखान्यात होतात. कियोनोबाई गेल्या. मी एका कपाटात आहे, तबकडी हिरवी पडली आहे, स्प्रिंग सैल झाली आहे. तेल मिळालं तर बरं वाटेल, पण त्यासाठी मी हट्ट धरणार नाही. तुमच्या ओळखीत कुणी आगीतून, रोगातून, कसल्याही संकटातून वाचून आलेलं असेल, तर त्याच्या रक्ताबद्दल कुजबुजू नका. त्याच्या शेजारी बसा, आणि त्याला भीती न वाटता खरं बोलता येईल, असं घर ठेवा.