नाल्याच्या तोंडचं पाणी

भिकाजीच्या पत्राला अण्णांनी दोन वर्षांत उत्तर दिलं नव्हतं. त्यातली एक ओळ मात्र घशात अडकलेल्या काट्यासारखी सलत होती : 'गुरुजी, तुमच्या कागदावर नाल्याच्या तोंडचं पाणी सगळ्यात चांगलं ठरलंय. मग मासे तिथंच का मरतात?' सोबत त्याच पाण्याची बाटली होती.

अण्णा रत्नागिरीत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. ते कॉलेजात शिकवत असताना भिकाजी आणि खाडीकाठच्या इतर मासेमारांनी तीन ठिकाणचं पाणी तपासायला आणलं. प्रकाश टाकून पाण्याची चमक मोजणारं यंत्र अण्णांकडे होतं. सांडपाणी जास्त चमकतं, हा नेहमीचा ठोकताळा. पण कारखान्यांचा नाला खाडीला मिळतो तिथलं काळपट पाणी सगळ्यात कमी चमकलं. अण्णांनी तसं लिहून दिलं आणि कारखान्यांच्या वकिलाने प्रदूषणाच्या सुनावणीत तोच कागद वाचून दाखवला.

आज माळा आवरताना त्यांच्या पत्नी हेमाताईंनी त्या बाटलीचं बूच उघडलं मात्र, आणि त्या ओरडल्या,

"शी! अहो, मेलेलं काय ठेवलंयत यात?"

"पाणी आहे ते."

"पाणी? गोठ्याच्या मोरीला बरा वास येतो याहून. यालाच ना तुम्ही चांगलं म्हणालात?"

"मी फक्त चमक कमी आहे म्हटलं होतं."

"मग तेवढं तरी कळवायचं त्या भिकाजीला!"

रंगाचा उग्र दर्प आणि त्याखाली सडक्या मासळीची घाण. अण्णांनी बाटली घेतली आणि तो चिकट वास बोटांना लागला. तीनदा साबण लावूनही जाईना.

दगडी गडग्यातले विंचू शोधायची जांभळ्या उजेडाची बॅटरी खुंटीला होती. ती घेऊन त्यांनी न्हाणीघराचं दार लावलं. बाटलीवर झोत टाकला. काचेलगत साबणाच्या फेसाएवढी पातळ चमक, आत काळोख. मग विहिरीच्या पाण्याने भरलेल्या काचेच्या बरणीत बाटलीतलं चमचाभर टाकलं आणि पुन्हा झोत टाकला. सगळी बरणी हिरवट उजळली.

अण्णा पाटावर बसले. दाट पाण्याने झोतही गिळला होता, स्वतःची चमकही. यंत्र पाहतं मधोमध, तिथे उजेड पोचलाच नव्हता.

आधी पातळ करा, हे त्यांनी तीस वर्षं मुलांना शिकवलं होतं. पण त्या दिवशी भिकाजी समोर उभा राहून म्हणाला होता, "गुरुजी, पाणी घालू नका हां त्यात. दुधात घालतात तसं." सगळे हसले होते. समजावून सांगायची भीड वाटून अण्णांनी नमुना यंत्रात तसाच घातला होता. पत्र आलं तेव्हाच शंका आली होती, पण तपासून पाहायचं धाडस झालं नाही. बोटांच्या वासापेक्षा त्यांना याचीच जास्त शिसारी आली.

त्यांनी कागद ओढला. दोनदा फाडला, तिसऱ्यांदा लिहिलं.

'भिकाजी, तुमचं बरोबर होतं. पाणी पातळ न करता मोजलं, ही माझी चूक. तो कागद मी मागे घेतो, हे पत्र पुढच्या सुनावणीत दाखवा. पातळ केलं तरी या यंत्राला सगळं कळत नाही. अनेक पदार्थांच्या चमका एकमेकींत मिसळतात, काही विषं चमकतच नाहीत. ताजं पाणी भरा आणि पदार्थ वेगवेगळे करून मोजणाऱ्या प्रयोगशाळेत द्या. मी बरोबर येईन. उत्तराला उशीर झाला, त्याला कारण नाही.'

पोस्टात खिडकीवरच्या मुलीने पाकीट घेताना नाक मुरडलं. अण्णांनी हात मागे लपवला नाही. स्पीड पोस्टची पावती खिशात घातली आणि ते पायऱ्या उतरले.