बेचाळीस दिवसांच्या आत

मोठ्या सिस्टरांनी टेबलावरचा फॉर्म उचलला, 'मातामृत्यू' लिहिलेल्या चौकटीवर बोट ठेवलं आणि तो तसाच अधीक्षक साहेबांपुढे परत सरकवला.

"इथं 'नाही' कसं?"

"बाई मेडिसिन वॉर्डात गेली. हृदय बंद पडून." साहेबांनी चष्मा पुसायला घेतला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. "बाळंतपणाचा संबंध कुठं येतो?"

"एकोणीस दिवसांपूर्वी बाळंत झाली होती ती. आपल्याच इथं."

नवा कायदा लागू होऊन तीन महिने झाले होते. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांच्या आत बाई दगावली, की वॉर्ड कुठलाही असो, चोवीस तासांत कळवायचं. मग बाहेरची समिती येऊन सगळे कागद तपासणार. कायदा सरळ होता, इस्पितळाची सवय मात्र जुनी होती. बाळंतीण हाताबाहेर चालली असं दिसलं, की तिला वेळेवर दुसऱ्या वॉर्डात हलवायचं. बाई तिकडे मरायची, आकडा तिकडे लागायचा, आणि 'सलग सहा वर्षे एकही मातामृत्यू नाही' हा दर्शनी फलक ऐटीत मिरवत राहायचा. ते स्ट्रेचर ढकलायला सिस्टरांनीही हात लावला होता. एकदा नव्हे, चारदा. त्या चौघी त्यांना वयासकट आठवत होत्या, आणि त्याची त्यांना मनापासून लाज वाटत होती.

"तुमची निवृत्ती सात महिन्यांवर आलीय," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "कशाला अंगावर ओढवून घेता? समिती एकेकाला खोदून विचारेल. कोणाकोणाचं काय निघेल, विचार केलाय?"

"कालपासून तोच करतेय."

"मी सही करणार नाही."

"नका करू. कर्मचाऱ्यांपैकी कोणीही कळवू शकतं, असं कायद्यात लिहिलंय. मी वाचलाय तो. तुम्हीही वाचा एकदा, फार मोठा नाही."

त्यांनी कपाटातून कोरा फॉर्म काढला. बत्तीस वर्षं त्या खोलीनं त्यांच्या तोंडून 'हो साहेब'च ऐकलं होतं.

"दार लावून जा," साहेबांना एवढंच सुचलं.

सिस्टरांनी दार सताड उघडं ठेवलं.

बाहेर बाकावर मेलेल्या मुलीची आई बसली होती, नातवंडाला खांद्यावर टाकून. घरच्यांचं म्हणणं फॉर्मच्या तिसऱ्या पानावर लिहायचं होतं. सिस्टर तिच्या शेजारी टेकल्या.

"ताई, घरी गेल्यावर तिला काही त्रास होत होता?"

"आडवं पडलं की दम लागायचा. पाय सुजले होते. बाराव्या दिवशी इथंच घेऊन आलो की तिला."

"मग?"

"तोंडाला मास्क लावलेल्या एक सिस्टर होत्या. गर्दी ही एवढी. म्हणाल्या, बाळंतपणाचा थकवा आहे, घरी जाऊन झोप काढा." ती बाळाची पाठ थोपटत राहिली. "डॉक्टरांपर्यंत पोचलोच नाही आम्ही. पण ते नका लिहू. कोण होत्या ते मला काही सांगता यायचं नाही. उगाच कोणाच्या तरी पोटावर पाय."

पेन थांबलं. त्या दिवशी तपासणीच न झाल्यानं कुठल्याही वहीत काही नव्हतं. साहेबांना ठाऊक नव्हतं, आणि या माउलीनं ओळखलं नव्हतं. रकाना कोरा राहिला असता, तर कोणी हूं की चूं केलं नसतं.

"मी होते," सिस्टर म्हणाल्या. "मीच परत पाठवलं तिला."

आईनं बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग तिनं सिस्टरांचं तोंड निरखून पाहिलं. सिस्टरांनी नजर खाली घातली नाही.

"मग लिहा," आई म्हणाली. तिचा आवाज आता मऊ नव्हता. "माझ्या मुलीचं लिहिलंत तसं तुमचंही नाव पुरं लिहा."

सिस्टरांनी नाव, हुद्दा आणि तारीख लिहिली, आणि सगळं तिला वाचून दाखवलं.