तुझ्या कॉपीला हात लावला न्हाय

हंबीररावांनी वर्षाराणीला पाणी दिलं, पंखा तिच्याकडं वळवला आणि मग सांगितलं की मशीन साफ करून घेतलंय.

"साफ म्हणजे?"

"तुझ्या बापाचा, प्रभ्याचा फोल्डर काढला. डिस्क गच्च भरलीती, बाई. आता आमचा ऋतुराज बसणार हितं. त्याला जागा नको?"

तिच्या मांडीवर नव्या हार्डडिस्कचं खोकं होतं. सोमवारपासून येऊ नको, माझा पोरगा बघंल सगळं, असं हंबीरकाकांनी सांगितल्यावर ती आज आपल्या अप्पांचं काम उतरवून न्यायला आली होती.

उद्यमनगरातल्या लेथच्या कारखान्यावरची ही खोली दोघांची, अप्पांची आणि हंबीररावांची. इचलकरंजीच्या मागांवर नक्षी बेतायचा प्रोग्राम अप्पांनी इथं लिहिला आणि हंबीररावांनी तो कारखान्याकारखान्यांत विकला. अप्पा गिट वापरायचे. प्रोग्रामातला प्रत्येक बदल जुन्यासकट जपायचा आणि त्याच्यासोबत आपल्या नावानं एक टीप लिहायची, अशी ती व्यवस्था. घरात मोजून शब्द वापरणारा हा माणूस त्या टिपांत मोकळा व्हायचा. 'किनार उलटी येत होती, सुधारली. घरची भाकरी आज करपली, पण मी बोललो नाही.'

उन्हाळ्यात अप्पा गेले. तेव्हापासून वर्षाराणी त्या टिपा मागं मागं जात वाचत होती, पुरवून पुरवून. तिला एका दिवसापाशी पोचायचं होतं. गडमुडशिंगीचं सासर सोडून ती बॅग घेऊन दारात आली, तो दिवस. अप्पांनी तिच्या हातातली बॅग घेतली, आत नेऊन ठेवली, चपला घातल्या आणि ऑफिसला निघून गेले. एक शब्द बोलले नाहीत, नंतरही कधी नाही. पण त्या दिवशी इथं बसून त्यांनी काहीतरी लिहिलं असणार. सरळ तिथं जाऊन वाचायचा धीर तिला होत नव्हता.

"माझी कॉपी?" तिनं विचारलं.

"तुझ्या कॉपीला हात लावला न्हाय. दुसऱ्याच्या वस्तूला कशाला हात लावू? बघ, हाय की जागच्या जागी."

होती. ती ऑफिसला यायला लागली तेव्हा अप्पांनीच करून दिलेली. डिस्क लहान, मग तोच माल दोनदा कशाला भरायचा? तिच्या कॉपीत त्यांनी आजचा प्रोग्राम तेवढा ठेवला, जुने बदल आणि टिपा ठेवल्याच नाहीत. जुनं लागलं की अप्पांच्या फोल्डरात बघायचं, एवढा पत्ता लिहून ठेवला. तिनं पुढं जे केलं तेवढंच तिचं स्वतःचं. या काटकसरीचं अप्पांना भारी कौतुक. चहाला येईल त्याला ऐकवायचे, "पोरीची खोली माझ्याच भिंतीवर उभी हाय. माझी भिंत पडली की हिचं छप्पर खाली!" आणि स्वतःच हसायचे.

तिनं कॉपी उघडली. वर अप्पांच्या आजारपणात तिनं लिहिलेल्या टिपा होत्या. सगळ्यांत खाली, 'अप्पांना आज उठू दिलं नाही. छपाईतली चूक मी काढली.' त्याच्या आधीची टीप अप्पांची. तिच्या जागी इंग्रजीत एकच ओळ आली, पुढचं वाचता येत नाही.

अप्पांच्या जागेवर ऋतुराजनं सिनेमे भरून ठेवले होते.

"काका, तुम्हाला माहीत होतं."

"हितंच बसून सांगायचा की तो. शंभर डाव ऐकलंय." हंबीररावांनी चहा बशीत ओतला. "आणि गेलं काय त्यात? प्रोग्राम चालतोय. चालवून बघ."

तिनं चालवला. पडद्यावर किनार उमटली, एक धागा चुकला नव्हता.

"इचलकरंजीची पार्टी अख्खा घ्यायला तयार हाय. वारस म्हणून तुझी सही तेवढी मागत्यात." त्यांनी कागद पुढं सरकवला. प्रोग्राम हंबीरराव आणि ऋतुराज यांनी बनवला, त्यावर आम्हा वारसांचा हक्क नाही, असं त्यात लिहिलं होतं. कुणी बनवला ते दाखवायला तिच्याकडं आता काही उरलं नव्हतं. तरी तिनं कागद परत सारला.

हंबीररावांनी बशी खाली ठेवली.

"काढायच्या आधी वाचल्या थोड्या. लई बायकी लिहायचा गं तुझा बाप. तू बॅग घेऊन आलीस त्या दिवसाचंबी हुतं की."

पंख्याचा वारा कागदाचा कोपरा उचलत होता.

"काय होतं?"

"काय हुतं बरं..." त्यांनी कपाळ चोळलं. "जिभेवर हाय बघ. सही कर तंवर, आठवतो."

हा माणूस प्रोग्रामातलं किंवा टिपांतलं एक अक्षर कधी वाचत नव्हता. टिपा उघडतात कशा, हेही त्याला ठाऊक नव्हतं. वर्षाराणीला हे पक्कं माहीत होतं. तरी तिनं पेन घेतलं आणि पूर्ण नाव लिहिलं, मधलं अप्पांचं.

हंबीररावांनी शाईवर फुंकर घातली, कागदाची घडी केली, खिशात ठेवली.

"न्हाय बाई," ते म्हणाले. "न्हाय आठवत."